न झालेल्या लग्नाची चौकशी

४ मार्च

प्रिय वहिनी,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. रागावली असशीलच. तो राग जरा बाजूला ठेव आणि हे वाच.

काल मैनाला काढलं. तुला मागे लिहिलं होतं ना, आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली सगळ्यात गोड आवाजाची ऑपरेटर, जिचं 'नंबर?' ऐकून लोक स्वतःला हवा तो नंबर विसरतात, तीच. तिचं लग्न होऊन दोनेक वर्षं झाली होती. आम्हा सगळ्यांना माहीत होतं, फक्त ऑफिसला नव्हतं. अंगठी पर्समध्ये, नवरा गेटबाहेर आणि तोंडाला कुलूप. पण पोट काही पर्समध्ये ठेवता येत नाही. आमच्या सुपरवायझर, मोठ्या बाई, त्यांच्या ते नजरेला आलं आणि त्यांनी साहेबांच्या कानावर घातलं.

नियम तुला पाठ आहे. ऑपरेटरने लग्न केलं की तिने आपणहून नोकरी सोडली असं धरायचं. काढत नाहीत हं, नुसतं 'धरतात'. दुपारी चहा झाला, फुलांचा गुच्छ आला आणि साहेबांनी भाषण ठोकलं की आमची मैना आता तिच्या खऱ्या घरट्याकडे निघाली. मैनाने गुच्छ घेतलाच नाही. हात मागे बांधून उभी राहिली. साहेब गुच्छ पुढे करून तसेच ताटकळले. मला राहवेना. मी विचारलं, "साहेब, तुमचं लग्न झालंय ना?"

"झालंय. का?"

"मग तुम्ही अजून इथे कसे?"

हसू नंबर जोडायच्या सगळ्या बोर्डभर पसरलं. साहेब म्हणाले, लग्न झालेल्या बाईचं अर्धं लक्ष घरी असतं. मी म्हटलं, मागच्या महिन्यात घरी पाहुणे आले म्हणून मीटिंग अर्धी टाकून कोण पळालं होतं? त्यावर ते गुच्छासकट आपल्या खोलीत गेले.

वहिनी, हा नियम मी घालवणार आहे. माझी नोकरी राहो नाहीतर जावो. तूही दादाशी लग्न केलंस म्हणून याच दारातून गुच्छ घेऊन बाहेर पडलीस. पुढे तुझ्याच ओळखीने मी इथे लागले, बसतेही तुझ्याच खुर्चीवर. पण तुझ्या वेळी नेमकं काय झालं ते तू कधी बोलली नाहीस. ते मला सविस्तर लिही, मला उपयोगी पडेल.

आणि शेजारच्या दुकानातून फोन करू नकोस. फोनवर कोण कोण ऐकतं ते मला चांगलं ठाऊक आहे. मीच ऐकते.

तुझी तोफ

११ मार्च

प्रिय तोफ,

पत्र तीनदा वाचलं आणि मग एकटीच हसत बसले. अगं, सरळ सांगायचं ना. कोण आहे तो?

छत्तिशीला आलेली बाई लग्नाच्या नियमाशी उगीच भांडण काढत नाही, एवढं मला कळतं. आजवर स्थळाचं नाव काढलं की तू आमच्यावर तोफगोळे डागायचीस, आणि आता म्हणे लग्न केलं तरी नोकरी राहिली पाहिजे. कुठेतरी पाणी मुरतंय. ऑफिसातलाच आहे का? तो तारा जोडणारा उंच माणूस, ज्याच्याबद्दल तू एकदा फार बारकाईने लिहिलं होतंस? मला उंच माणसं आवडतात. तुझे दादा बुटके निघाले, त्याला माझा इलाज नव्हता.

ह्यांना अजून काही बोलले नाही. तू सांगशील तेव्हाच सांगेन. पण मी कपाटातला चांगला चहाचा सेट धुऊन ठेवलाय.

माझ्या वेळचं काय सांगू? छान झालं सगळं. फुलं ताजी होती, साहेब चांगले होते, मी खुशीत होते. लिहिण्यासारखं काही नाही. पोरं शिकायला बाहेरगावी गेल्यापासून घर फार मोठं वाटतं, तेवढंच नवीन.

त्याची उंची कळव.

तुझी वहिनी

२० मार्च

प्रिय वहिनी,

चहाचा सेट परत कपाटात ठेव. कोणी नाही. तारा जोडणारा उंच आहे आणि त्याला चार पोरं आहेत. मी बारकाईने लिहिलं ते त्याच्या शिडीबद्दल होतं.

उलट माझं लग्न झालेलं नाही हीच माझी ताकद आहे. स्वतःसाठी भांडते असं कोणी म्हणू शकत नाही. म्हणजे तुझ्याशिवाय कोणी.

आता इथली गंमत ऐक. मैना गेल्यावर साहेबांना संशय आला की आणखी किती जणी लपवत असतील. संशय खरा आहे. संध्याकाळी आमच्या गेटवर इतक्या जणींचे 'भाऊ' घ्यायला येतात की पहारेकरी एकदा म्हणाला, तुमच्या आयांनी मुलगेच फार जन्माला घातलेले दिसतात. तर साहेबांनी ठरवलं, एकेकीला खोलीत बोलवायचं आणि तोंडावर विचारायचं, तुमचं लग्न झालंय का? झालं असेल तर गुच्छ. खोटं बोललात आणि पुढे कळलं तर गुच्छसुद्धा नाही.

आम्ही जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसून ठरवलं की कोणीच उत्तर द्यायचं नाही. लग्न झालेलीने नाही आणि न झालेलीनेही नाही. नुसत्या झालेल्याच गप्प राहिल्या तर लगेच पकडल्या जातील, हे तुझ्या लक्षात येतंय ना? म्हणून न झालेल्यांनी आधी गप्प बसायचं. आणि सगळ्यांच्या आधी मी.

मी आत गेले. साहेब मला पाहून अगदी निवांत झाले. "तुम्हाला काय विचारायचं म्हणा. तरी रीत म्हणून विचारतो, लग्न झालंय का?"

"सांगणार नाही."

त्यांनी मोठ्या बाईंना बोलावलं. त्यांनी विचारलं, मी तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी मला घरी बसवलं. कारण काय, तर मी लग्न लपवत असल्याचा दाट संशय. वहिनी, तुझ्यासारखीच सगळ्या ऑफिसला आता उत्सुकता लागलीय की तो कोण. कोणी पोस्टमनचं नाव घेतं, कोणी चहावाल्याचं. चहावाला हल्ली केस विंचरून येतो.

पुढच्या महिन्याच्या मध्याला माझी चौकशी आहे. मी नुसतं 'नाही झालं' एवढं म्हटलं तर त्याच क्षणी कामावर परत घेतील, शिवाय मोठ्या बाई निवृत्त झाल्या की त्यांची जागाही देतील, असं साहेबांनी सुचवलंय. पण मी बोलले की दुसरीला बोलावं लागेल, मग तिसरीला, आणि उरतील त्या सगळ्या मैनाच्या मागोमाग घरी जातील. म्हणून कोणीही विचारलं तरी घरून एक अक्षर बाहेर जाता कामा नये. दादालाही हे नीट समजाव.

तुझी तोफ

२९ मार्च

तोफे,

हे पत्र तुझ्या वहिनीचं नाही, माझं आहे.

शेजारच्या दुकानात तुझ्या ऑफिसचा फोन आला. मला बोलावून नेलं. कोणी बाई होत्या, फार सभ्य बोलल्या. म्हणाल्या, अभिनंदन करायचं आहे का? मला काही कळेना. मग त्यांनी सगळा प्रकार सांगितला. भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, माझ्या बहिणीने चोरून लग्न केल्याचा संशय आहे हे मला ऐकावं लागलं.

मी अर्थातच खरं ते सांगितलं. माझ्या बहिणीचं लग्न झालेलं नाही आणि ती लपवाछपवी करणाऱ्यांतली नाही. त्या म्हणाल्या, चौकशीच्या दिवशी येऊन हे सांगाल का? मी होकार दिला. शाळेत रजा टाकली आहे. तुझी वहिनी तिथली जुनी ऑपरेटर, म्हणून तिलाही साक्षीला बोलावलं आहे. आम्ही दोघंही येतो.

तुझी वहिनी माझ्याशी बोलत नाही. तिला आधीपासून सगळं माहीत होतं असं दिसतं. मला कोणी काही सांगायचं नाही, अशीच या घरात पद्धत असावी. आई-बाबा गेल्यापासून तुला मी वाढवलं. तुझ्या नावाला लागलेला डाग मी हातावर हात ठेवून बघत बसणार नाही. तीस वर्षं गणित शिकवतोय. चुकीचं उत्तर फळ्यावर तसंच राहू दिलं तर तोही खोटेपणाच, हे मी मुलांना सांगतो.

काळजी करू नकोस. तुझी नोकरी जात नाही.

दादा

२ एप्रिल

वहिनी,

दादाला थांबव. हातापाया पड, भांड, त्याचा चष्मा लपव, काय वाटेल ते कर.

तो माझ्यावरच्या मायेने येतोय हे मला कळतं आणि म्हणूनच मला जास्त संताप येतोय. शत्रू असता तर दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. त्याच्या एका वाक्याने मी सुटेन आणि बाकीच्या बुडतील. साहेब म्हणतील, बघा, जिचं झालं नव्हतं तिच्या घरच्यांनी सरळ सांगून टाकलं, तुमचे घरचे का येत नाहीत? आणि कसला डाग? लग्न झालं असा संशय हा डाग कधीपासून झाला? तुमचं झालं तेव्हा तर गावभर पेढे वाटत फिरलात.

आता तुझ्यावरही रागावते, कारण तू मला उत्तर दिलं नाहीस. मी विचारलं होतं, तुझ्या वेळी काय झालं. तू लिहिलंस, खुशीत होते, फुलं ताजी होती. काल मोठ्या बाई माझ्या खोलीवर आल्या होत्या. समजूत घालायला. जाता जाता म्हणाल्या, "तुझी वहिनीही अशीच हट्टी. गुच्छ घेतला, सगळ्यांना हात जोडले, आणि घरी जायचं सोडून पुन्हा बोर्डावर येऊन बसली. हेडफोन घातला आणि नंबर जोडायला लागली. मला तिच्या डोक्यावरून तो काढून घ्यावा लागला. ती रडली नाही बघ. नुसती म्हणाली, एक कॉल अर्धा राहिलाय."

इतकी वर्षं तू हे कोणाला सांगितलं नाहीस. मला तरी सांगायचं होतंस. खरं आहे ना हे?

तोफ

९ एप्रिल

प्रिय तोफ,

खरं आहे.

लिहिलं नाही, कारण लिहिलं की मग ते ह्यांना दुखावण्यासाठी लिहिल्यासारखं होतं. ह्यांच्याशी लग्न मला हवं होतं. अगदी मनापासून. आणि नोकरीही हवी होती, तीही तितक्याच मनापासून. एका बाईला दोन गोष्टी हव्या असल्या तर ती हावरट ठरते, म्हणून मी एकच हवी होती असं सगळ्यांना सांगितलं. सांगून सांगून मलाही ते पटत आलं होतं. स्वयंपाकघरात कोणी मागून हाक मारली की अजून माझ्या तोंडून 'नंबर?' निघतं. पोरं हसतात. मीही हसते. आता नाही हसवत.

तुझी चिठ्ठी आली त्या दुपारी मी ह्यांच्याशी बोलले. दहा दिवसांचा अबोला मोडून.

हे म्हणाले, "खरं सांगण्यात चूक काय आहे?"

मी म्हटलं, "काही नाही. पण विचारणाऱ्याचा हक्क काय आहे?"

"लपवण्यासारखं नसेल तर सांगायला काय जातं?"

"मैनाच्या बाळाच्या तोंडचा घास जातो. आणि तिच्यामागून बाकीच्यांचाही."

"मी मैनाला ओळखत नाही. मी माझ्या बहिणीला ओळखतो."

मग ह्यांनी वर्तमानपत्र उघडलं. तुला माहीत आहे, ते उघडलं की आमच्या घरात चर्चा संपते. मी ते हातातून काढून घेतलं. लग्नानंतर पहिल्यांदा. हे जेवायलाच आले नाहीत. मी मात्र रागाच्या भरात पोटभर जेवले.

ह्यांना मी थांबवू शकत नाही. आणि आता थांबवणारही नाही. मला साक्षीला बोलावलंय ना? मग मी येते. तू फक्त तुझं तोंड मिटून ठेव, हे तुला पहिल्यांदाच सांगतेय.

तुझी वहिनी

१७ एप्रिल

प्रिय तोफ,

तुला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं, आणि आम्हाला लगेच गाडी गाठायची होती. आत काय झालं ते तुझे दादा सांगणार नाहीत. घरी आल्यापासून ते मन लावून भांडी घासतायत. म्हणून मी लिहिते.

टेबलापलीकडे तुझे साहेब, मोठ्या बाई आणि मुख्य कचेरीतून आलेले एक पिकल्या मिशांचे गृहस्थ. आम्हा दोघांनाही आत बसवलं, पण पहिली मला हाक. साहेब फार गोड बोलले. म्हणाले, तुम्ही इथल्याच. लग्न ठरल्यावर तुम्ही आनंदाने, आपणहून गेलात, हे या पाहुण्यांना जरा सांगा.

मी म्हटलं, "मी गेले नाही. मला काढलं."

मिशीवाल्यांनी मान वर केली. साहेब म्हणाले, "अहो, गुच्छ दिला होता तुम्हाला."

"दिला होता. माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढून घेतला तो या बाईंनी, एक कॉल अर्धा राहिला असताना. त्या समोर आहेत, विचारा." मोठ्या बाई टेबलाकडे बघत राहिल्या. नाही मात्र म्हणाल्या नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने सांगते.

मग मी ह्यांच्याकडे बोट केलं. म्हटलं, "हे माझे यजमान. आमचं लग्न एकच, तारीख एकच. लग्नाआधी हे शाळेत तात्पुरते होते. लग्न झाल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, संसारी माणूस जबाबदार असतो, आणि ह्यांना कायम केलं. मला संसारी झाले म्हणून घरी पाठवलं. आमच्या घरात गणित हे शिकवतात. मला हे गणित कधी सुटलं नाही. साहेब, तुम्ही सोडवून द्या."

तुझे दादा माझ्याकडे असं बघत होते की आपण कोणाबरोबर राहतो हे त्यांना त्या खोलीत कळलं असावं. खरं सांगते, मला त्यांची दया आली. पण मी खुर्चीत ताठ बसले.

साहेबांनी घाईघाईने ह्यांना पुढे घेतलं. "गुरुजी, तुमचं एकच वाक्य हवंय. तुमच्या बहिणीचं लग्न झालेलं नाही, बरोबर?"

मी डोळे मिटले. ह्यांना खोटं बोलता येत नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. पोरांच्या वाढदिवसाची गुपितंसुद्धा ह्यांच्याकडून फुटायची.

हे म्हणाले, "प्रश्नच चुकीचा आहे."

"म्हणजे?"

"मांडणीच चुकली आहे. चुकीच्या प्रश्नाला मी वर्गात कोणाला उत्तर देऊ देत नाही. मुलांना सांगतो, खोडा आणि पुढे चला."

"पण फोनवर तर तुम्ही सांगितलंत."

"सांगितलं. मी प्रश्न न वाचता उत्तर दिलं. शाळेत त्याला शून्य देतो मी." आणि उठून उभेच राहिले. त्यांची टोपी तिथेच राहिली, ती मिळाली तर ठेव.

आपलं स्टेशन आल्यावर ह्यांनी माझी पिशवी उचलली आणि म्हणाले, "तो अर्धा राहिलेला कॉल कोणाचा होता?" मी म्हटलं, आठवत नाही. आठवतं मला. पण ते माझं आहे, राहू दे.

तुझी वहिनी

३० एप्रिल

प्रिय वहिनी,

टोपी मिळाली. ती घालून दादा बुटका दिसत नाही, तेव्हा पाठवून देते.

निकाल लागला. मला बडतर्फ केलं. कारण: विवाहित असणे. अशी नोकरी गेलेली या ऑफिसातली मी पहिली बिनलग्नाची बाई.

आणि आता पुढचं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बाकीच्यांना एकेक करून बोलवायला सुरुवात केली. पहिली म्हणाली, सांगणार नाही. दुसरी म्हणाली, सांगणार नाही. ती सगळ्यात नवी, अजून आवाज कापणारी पोरगी, तीही म्हणाली, सांगणार नाही. मिशीवाले गृहस्थ तिथेच होते. त्यांनी साहेबांना विचारलं म्हणे, या सगळ्या विवाहित धरल्या तर उद्या बोर्डावर तुम्ही बसणार का?

मागच्या आठवड्यात वरून हुकूम आला. लग्नाचा नियम तूर्त बाजूला ठेवलाय, कोणालाही तो प्रश्न विचारायचा नाही. मैनाचं बाळंतपण झालं की तिला कामावर यायला सांगितलंय. त्या संध्याकाळी मी मुद्दाम गेटवर गेले होते. वहिनी, त्या दिवशी गेटवर एकही भाऊ आला नव्हता. सगळे नवरेच. एक जण तर बायकोला सगळ्यांदेखत हाक मारून इतका लाजला की सायकल विसरून निघाला. मी रस्त्यात उभी राहून रडले. होय, मी. कोणाला सांगू नकोस.

माझं बडतर्फ होणं मात्र हुकुमाच्या आधीचं, त्यामुळे ते कायम. साहेब स्वतः गेटवर आले. म्हणाले, आता तरी सांगा, लग्न झालेलं नाही. गैरसमज झाला असं लिहू आणि परत घेऊ. मी विचार केला. खोटं कशाला सांगू, केला. अठरा वर्षांची नोकरी आहे, बोर्डावरचे दिवे मला अजून डोळे मिटले की दिसतात. पण मी तसं म्हटलं की चूक फक्त माझ्याबाबत झाली, मैनाबाबत नाही, असं होतं. तुझ्याबाबत तर मुळीच नाही. मी त्यांना म्हटलं, "साहेब, मी लग्न करीन किंवा करणार नाही. केलं तरी पत्रिका तुम्हाला येणार नाही."

माझी काळजी करू नका. जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात नर्सबायांनाही हाच नियम आहे. त्यांच्यातल्या दोघी परवा मला शोधत आल्या. मी त्यांच्याकडे निघाले आहे.

जाता जाता एक. माझ्या जागेची जाहिरात गेटवर लागलीय. 'अनुभवी ऑपरेटर पाहिजे.' लग्नाबद्दल त्यात चकार शब्द नाही. मी खोली इतक्यात सोडत नाही. किल्ली घरमालकिणीकडे आहे.

तुझी तोफ

२६ जून

प्रिय तोफ,

तुझ्याच खोलीतून लिहिते. पलंग फार कडक आहे, तू इतकी वर्षं कशी झोपलीस?

मला घेतलं. अर्जात 'विवाहित' एवढा एकच शब्द मी ठळक लिहिला होता, कोणी विचारलं नसताना. आवाजाची परीक्षा मोठ्या बाईंनी घेतली. मी 'नंबर?' म्हटलं. त्यांनी हेडफोन स्वतःच्या हाताने माझ्या डोक्यावर ठेवला आणि नीट बसलाय का ते पाहिलं.

पहिल्या दिवशी दोन कॉल चुकीच्या जागी जोडले. एका व्यापाऱ्याला सासूशी बोलायला लावलं. आता हात बसलाय. तुझे दादा शनिवारी येतात आणि स्वतः केलेली भाजी डब्यातून आणतात. भाजी वाईट असते. मी संपवते. त्यांनी मला विचारलं, सुट्टीत तिकडे येऊन नर्सबायांना काही मदत करता येईल का? मी म्हटलं, तोफेला विचारा, ती सांगेल तेच करा आणि तेवढंच करा.

एक मात्र स्पष्ट लिहिते. मी तुझी जागा भरली नाही. मी माझ्या जागेवर परत आले. तुझी जागा अजून रिकामी आहे, असं मी दर सोमवारी साहेबांच्या खोलीत जाऊन सांगते. पहिल्यांदा ते चिडले. दुसऱ्यांदा त्यांनी बसायला सांगितलं. या सोमवारी मला बघताच उठून उभे राहिले आणि जरा चाचरतच म्हणाले, "तुमच्या नणंदबाई सध्या काय करतात?"

मी म्हटलं, "तुमच्यासारखे आणखी साहेब शोधत फिरतात."

तुझी वहिनी